सिस्टर वानखडेंचं हमीपत्र

३ नोव्हेंबर, सोमवार

औषध कंपनीच्या माणसानं जानेवारीत दिलेली ही डायरी दहा महिने कोरीच होती. आज लिहायला बसले, कारण दुसऱ्या कुणाला सांगायचं हे सुचेना. अकोल्यातल्या या खोलीत मी एकटीच असते.

आज माझी तक्रार झाली. चोवीस वर्षांच्या नोकरीतली पहिलीच. पाच नंबरच्या पेशंटच्या जावयानं मोबाइलवर माझा व्हिडिओ काढला आणि ऑफिसात नेऊन दाखवला, की तुमच्या सिस्टर हातात सुई धरून डुलक्या घेतात. त्या बिचाऱ्याचं तरी काय चुकलं? व्हिडिओत मी हुबेहूब तशीच दिसते. हातात सिरिंज, डोळे मिटलेले, मान जराशी खाली. पाच सेकंद. मग डोळे उघडते आणि टोचते.

हे पाच सेकंद मी मिशनच्या दवाखान्यात शिकले. तिथल्या आमच्या मेट्रन म्हणायच्या, आधी त्याला सांगा, मग सुई लावा. मनातल्या मनात एवढंच म्हणायचं : प्रभू, या माणसाला बरं कर आणि माझा हात नीट चालू दे. आता ते श्वासासारखं झालंय. आपण करतोय हेही लक्षात येत नाही.

एचआरच्या जुईली मॅडमनी बोलावलं. पुण्याहून आलेली, तिशीच्या आतली, मनानं सरळ मुलगी. "थकवा होता ना, कुंदाताई? लागोपाठ ड्यूट्या लागल्या होत्या का?" उत्तर तिनंच तयार करून ठेवलं होतं, मी फक्त मान हलवायची होती. मी म्हटलं, "थकवा नव्हता. मी प्रार्थना करत होते."

तिनं पेन खाली ठेवलं. "डुलकी म्हणाला असतात तर तोंडी समज देऊन मिटवलं असतं. आता हे मी कुठं बसवू?"

वॉर्डात आल्यावर प्रणालीनं, माझ्या हाताखालच्या पोरीनं, डोक्याला हात लावला. "ताई, डुलकी तं कोनालेही येते. खरं सांगाची काय गरज होती तुमाले?" मला दुसरं काही सुचलंच नव्हतं. यात मोठेपणा नाही. खोटं बोलायलाही सराव लागतो.

५ नोव्हेंबर, बुधवार

हमीपत्रावर सही केली. टाइप करूनच आणलं होतं. 'ड्यूटीवर असताना रुग्णाजवळ किंवा रुग्णासोबत कोणतीही प्रार्थना, मंत्र, धार्मिक उच्चार अथवा कृती करणार नाही.' खाली माझं नाव, कुंदा याकोब वानखडे.

जुईलीनं चहा मागवला. म्हणाली, "तुमच्या धर्माचं म्हणून नाही हं. रिसेप्शनवरचा गणपती मीच हलवायला लावला. मला किती बोलणी खावी लागली, माहितेय? इथे कुणाचाच देव नको, म्हणजे कुणाला वाईट वाटणार नाही." मागच्या महिन्यात खंडेनवमीला व्हेंटिलेटरना झेंडूच्या माळा घातल्या होत्या, ते मला आठवलं. बोलले नाही. तिला तेही पटलं नसतं बहुतेक, पण ती तरी कुणाकुणाशी भांडेल.

खरं सांगायचं तर तिचं एक म्हणणं माझ्या मनात रुतलं. "पलंगावरचा माणूस तुम्हाला नको म्हणू शकतो का, ताई? सुई तुमच्या हातात असते." मी कधीच कुणावर काही लादलं नाही, मोठ्यानं तर कुणी मागितल्याशिवाय एक शब्द नाही. पण सुई माझ्या हातात असते, हे खरंच.

म्हणून सही केली. नोकरीसाठीही केली, ते लपवत नाही. देव काही डोळ्यांच्या पापण्यांमधून ऐकत नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

सकाळच्या गाडीनं बडनेऱ्याला गेले. माझा धाकटा भाऊ देवानंद रेल्वेत आहे, तिथंच क्वार्टरमध्ये राहतो. चर्चच्या उपासनेला मी एकटीच गेले. देवानंद म्हणाला, "मी मोबाइलवर आयकतो ताई, सायंकाळी." मंजुषा, त्याची बायको, कपडे वाळत घालत हसली. आईबाबा असताना या घरातली पाच माणसं एका बाकावर बसायची.

आमच्या मंडळीत आता म्हातारी माणसंच उरलीत. पाळकांना कुणीतरी माझी गोष्ट सांगितली होती. उपासना संपल्यावर म्हणाले, "बाई, उभ्या राहा, साक्ष द्या. विश्वासासाठी तुमचा छळ झाला." मी उठले नाही. कसला छळ? त्या पोरीनं मला चहा पाजला.

जेवताना देवानंदला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "सही केली ना? झालं मग. मनात येईन थे कर. देव काय कागदं वाचून राह्यला?"

"मी लिहून दिलंय, देवा."

"तुझं सारंच कडक, ताई. म्हनून तुझ्यापाशी कोनी टिकत नाही." मंजुषानं त्याच्याकडे डोळे वटारले. तो लगेच भाजी वाढायला लागला. मला राग आला नाही. परतीच्या गाडीत मूर्तिजापूर येईपर्यंत मात्र तेच डोक्यात होतं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

डोळे उघडे ठेवून सुई लावणं जमत नाही. हात थांबतो आणि वाट बघतो. आज एका म्हाताऱ्याची शीर दोनदा चुकली.

नऊ नंबरला माणिकबाई आहेत. हिवरखेडच्या, वय सत्तरच्या पुढं, आयुष्यभर वांगी-मिरच्या पिकवून बाजारात विकल्या. दोन्ही किडन्या गेल्यात आणि आता हृदयही थकलंय. पंधरा दिवसांपूर्वी आल्या तेव्हा पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "डोये मिटून काय म्हन्तं वं पोरी?" मी सांगितलं. तर म्हणाल्या, "मंग मोठ्यानं म्हन ना. सुई मले टोचतं, तं मलेबी आयकू दे." तेव्हापासून रोज त्यांच्याजवळ दोन ओळी मोठ्यानं म्हणत होते. शेवटचं आमेन त्या माझ्याआधी म्हणायच्या.

आज त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि हात पुढं केला. काही विचारलं नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आज विचारलं.

"काहून वं, रुसली काय माह्यावर? थे प्रार्थना नाई करून राह्यली."

"आता नाही करता येत, माणिकबाई. मी लिहून दिलंय."

"कोनाले?"

"हॉस्पिटलला."

"देवासंगं बोलत नाई, असं लिहून देल्लं?"

"पेशंटजवळ नाही बोलणार, असं. घरी करते ना मी. रोज तुमचं नाव घेते."

"तुह्या घरी केलेली मले अठीसा कशी आयकू येईन?"

किसनराव, त्यांचा मुलगा, पलंगाशेजारी स्टुलावर बसून होता. पन्नाशीचा, भाजीचा ठेला टाकून आलेला. तो म्हणाला, "सिस्टर, आमच्याकून काई तक्रार नाई. म्हना ना तुमी. आईले बरं वाटते." मी म्हटलं, प्रश्न तक्रारीचा नाही.

तुमचं होय ते होय असू द्या, नाही ते नाही, हे मला लहानपणी बाबांनी पाठ करून घेतलं. आजारी माणसाजवळ जा, हेही त्यांनीच. ही दोन्ही एकाच दिवशी समोरासमोर येतील, हे त्यांनी सांगितलं नव्हतं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

पाय सुजलेत. लवकर झोपते.

१७ नोव्हेंबर, सोमवार

दुपारची ड्यूटी. डॉक्टरांनी किसनरावांना सकाळीच सांगितलं होतं की आता डायलिसिस झेपणार नाही, घरी न्यायचं तर न्या. त्यानं इथेच ठेवायचं ठरवलं. घरी ऑक्सिजन कुठून आणणार?

चार वाजता माणिकबाईंनी मला जवळ बोलावलं. आवाज बसलेला. किसनराव खाली औषधं आणायला गेला होता.

"सही तुनं केली ना?"

"हो."

"म्या नाई केली."

मला आधी कळलंच नाही. त्यांनी माझा हात धरला, सलाइन लावलेल्या हातानं, आणि डोळे मिटले. म्हणाल्या, "महादेवा, हे पोरगी कुंदा. इचा देव येगळा हाये, पन तू पाह्य. इचं कोनी नाई. इनं साऱ्याइची सेवा केली. इचं जेवन टायमावर होऊ दे. इच्या हाताले यश दे. माह्यामांगं इले एकटी नोको ठेवजो."

चोवीस वर्षांत मी हजारो माणसांसाठी मागितलं. माझ्यासाठी कुणी माझं नाव घेऊन मागितल्याचं मला आठवत नाही. आई गेल्यापासून तर नाहीच. मला रडू आलं, आणि ड्यूटीवर रडणाऱ्या नर्सेसना मीच रागावत आलेय.

त्या थांबल्या. एक डोळा उघडून म्हणाल्या, "मंग? शेवटचं थे तू म्हन ना."

मी म्हटलं, "आमेन."

मोठ्यानं म्हटलं. शेजारी आठ नंबरचा पेशंट झोपलेला. प्रणाली दाराशी होती, तिनं ऐकलं असेल, पण ती कुणाला सांगणार नाही.

आता खोलीत बसून दोन गोष्टींचा विचार करतेय. महादेवाच्या प्रार्थनेला आमेन म्हटलं ते कुणाला, ही एक. पाळकांना विचारलं तर ते शास्त्रातलं एक वचन काढतील, ते कोणतं, हेही मला माहीत आहे. पण त्याची मला आज भीती वाटत नाही. दुसरी गोष्ट ही की मी लिहून दिलेला शब्द मोडला.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

जुईलीला जाऊन सांगितलं.

"कुणी तक्रार केली का?"

"नाही."

"मग मला का सांगताय?"

"मी लिहून दिलं होतं."

तिनं खुर्ची मागं सरकवली. "कुंदाताई, मला कळलं नसतं तर काहीच झालं नसतं. आता मला काहीतरी करावं लागणार. तुमचं मन हलकं झालं, आणि माझं?" ती खरंच चिडली होती. मला वाटलं होतं निदान तिला तरी कौतुक वाटेल. असं वाटायला नको होतं, पण वाटलं होतं, म्हणून इथं लिहिते.

निर्णय संध्याकाळपर्यंत झाला. उद्यापासून तळघरात, जिथं ऑपरेशनची हत्यारं आणि कापड वाफेवर निर्जंतुक करतात, तिथं. पगार तोच. वॉर्डात पाऊल टाकायचं नाही. "तिथे पेशंटच नाहीत, त्यामुळे तुम्हाला हवं ते करता येईल," जुईली म्हणाली. तिला ते चांगल्या मनानंच म्हणायचं होतं.

माणिकबाईंना सांगायलाही वर गेले नाही. आदेश मिळाला होता.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

तळघरात काम सोपं आहे. कात्र्या, चिमटे, गॉजचे ड्रम. मशीन चालू केलं की पाऊण तास नुसती वाफेची शिटी. इथं मी डोळे मिटले तर बघायला कोणी नाही. मिटले आज. ट्रेसमोर उभं राहून काय मागायचं तेच सुचेना. कात्रीसाठी कुणी प्रार्थना करतं का?

प्रणाली जेवणाच्या सुट्टीत खाली आली. म्हणाली, नऊ नंबर विचारतात, माही पोरगी कुठं गेली. "भेटाच्या टायमाले पास काढून या ना ताई, साध्या साडीत. कोन अडवते?"

ड्यूटी संपल्यावर पाहुणी म्हणून जायचं. ते चालेल का, हे जुईलीला विचारायला हवं. सोमवारी विचारीन. लगेच काही मागायला गेलं तर तिला वाटेल, ही पुन्हा आली.

२३ नोव्हेंबर, रविवार

इथल्याच चर्चमध्ये गेले, शेवटच्या बाकावर बसले. अनेक तरुण मुलं, गिटार, पडद्यावर गाण्यांच्या ओळी. शेजारच्या मुलीनं गोड हसून विचारलं, "आंटी, नवीन आहात का?" मी अकोल्यात अकरा वर्षं आहे.

चार वाजता हॉस्पिटलसमोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन उभी राहिले. भेटीची वेळ सुरू झाली होती. पास द्यायला माझ्या ओळखीचाच वॉचमन होता. त्यानं लांबून हात केला. दुसऱ्या मजल्यावरची कोपऱ्यातली खिडकी नऊ नंबरची. मी दोन कप चहा प्याले. जुईलीला विचारलेलं नव्हतं. पुन्हा शब्द मोडायचा, आणि मग पुन्हा जाऊन तिला सांगायचं, हे माझ्यानं होईना.

सहा वाजता घरी आले.

२४ नोव्हेंबर, सोमवार

जुईली पुण्याला गेलीय, ट्रेनिंगला. गुरुवारी येणार.

२६ नोव्हेंबर, बुधवार

माणिकबाई काल सकाळी दहा वाजता गेल्या. मी तेव्हा कामावरच होते. अकरा वाजता वरून चादरी आल्या. कुणाच्या ते बघायची पद्धत नाही.

आज किसनराव राहिलेले कागद न्यायला आला होता. प्रणालीकडे त्यानं माझी चौकशी केली, तिनं त्याला खाली पाठवलं. मशीन चालू होतं, त्याचा आवाज मला आला नाही. वळले तर दारात उभा, डोक्यावरचे केस उतरवलेले.

"तुमी अठीच हाये?"

मी म्हटलं, "हो. बदली झाली माझी."

"आमाले वाटलं तुमी नोकरी सोडून गावाले गेल्या. आईले म्या तेच सांगतलं. रोज इचारे ना थे. गेली तवा म्याबी खाली औषधाले गेलो होतो." त्यानं वर बघितलं, मग जिन्याकडे. "एवढ्या जवळ होत्या?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी काहीतरी बोलले असते, हमीपत्र, आदेश, गुरुवार, सगळं सांगितलं असतं. तो नुसता मधल्या दोन मजल्यांचा हिशेब करत होता. मी मान हलवली.

तो म्हणाला, "तेरवीले येजा सिस्टर. सात तारखेले हाये, रविवारी." आणि गेला.

मी खरं वागले. सगळं खरं, पहिल्या दिवसापासून, एकही शब्द इकडचा तिकडं केला नाही. आणि एका म्हातारीनं सहा दिवस रोज विचारलं, आणि मी तिच्याच पायाखाली तळघरात कात्र्या उकळत होते. हे देवाला सांगायला बसले तर पहिलाच प्रश्न तोच ऐकू येतो. एवढ्या जवळ होतीस?

३० नोव्हेंबर, रविवार

देवानंदचा फोन. पुढच्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन आहे, ये, म्हणाला. मी सांगितलं, हिवरखेडला तेरवी आहे. तो म्हणाला, "तू? तेरवीचं जेवशीन? मावशीच्या सासरच्या तेरवीत बाबांनी पान्यालेबी हात नोता लावला."

"माहीत आहे."

"पाळकाले कयलं तं?"

"कळू दे."

पलीकडून जरा हसल्याचा आवाज आला. "जा मंग. थंडी हाये, शाल घेजो."

७ डिसेंबर, रविवार

अकोटला गाडी बदलून साडेअकराला हिवरखेडला पोचले. घर शोधावं लागलं नाही, गल्लीत मांडव होता. बायका आत, पुरुष बाहेर. समोर पाटावर माणिकबाईंचा फोटो, कुठल्यातरी लग्नातला, त्यात त्या कॅमेऱ्यावर चिडल्यासारख्या दिसतात. मी फोटोसमोर उभी राहिले, डोळे मिटले. किती वेळ ते माहीत नाही. कुणी व्हिडिओ काढला नाही.

निघावं म्हणून मी चपला शोधायला लागले होते. तेवढ्यात किसनराव आला आणि मला आत बायकांत घेऊन गेला. त्याची आत्या, माणिकबाईंची नणंद, भिंतीला टेकून बसलेली. तिला ऐकू कमी येतं, म्हणून तो मोठ्यानं म्हणाला, "आत्या, ह्या अकोल्याच्या सिस्टर. आईपाशी शेवटपर्यंत ह्याच होत्या."

सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं. किसनराव माझ्याकडे बघत नव्हता, आत्याकडे बघत होता. तिनं माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि रडायला लागली. "बरं झालं वं माय. मले रोज घोर होता, माही माणिक एकटीच मेली म्हनून. व्हत्या ना तुमी?"

मी म्हटलं, "हो. होते मी."

मग जेवायला बसवलं. वांग्याची भाजी, पोळी, वरण-भात, बुंदी. आत्या शेजारी बसून वाढणाऱ्याला सांगत होती, सिस्टरले अजून वाढ. मी सगळं जेवले. परतीच्या गाडीत बसून हे लिहितेय, म्हणून अक्षर असं. हो म्हटलं ते खोटं होतं, आणि ते मी उद्या कुणालाही जाऊन सांगणार नाही.